झाकण उघडून पाहू नकोस

या आठवड्याचं पत्र, थोडं कापून:

'मावशी, सलाम. मी नागपूरची, वय ४१. घरून केक करून विकते, आठ वर्षं झाली. नाताळात साठ किलोपर्यंत प्लम केक जातो. ह्यांची नोकरी खासगी, त्यामुळे डिसेंबरच्या पैशातून मुलीची वर्षभराची शिकवणी निघते. मागच्या वर्षी एका मैत्रिणीनं सांगितलं की बेकिंग हीसुद्धा ध्यानप्रार्थना होऊ शकते, मठांमध्ये करतात, आणि आगमनकाळासाठी, म्हणजे नाताळाची वाट पाहण्याच्या आधीच्या चार रविवारांसाठी, तर फारच छान. मला ते एकदम पटलं. म्हटलं, वेगळी प्रार्थना करायला वेळ नाहीच, तर हीच प्रार्थना समजू. ओट्यावर मेणबत्ती लावली, मोबाईलवर गीतं लावली, ज्याची ऑर्डर त्याच्यासाठी प्रार्थना करत केक घातले. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी मुलीनं घोळात बोट बुडवलं म्हणून तिच्यावर अशी खेकसले की ती न जेवता झोपली. चौथ्या रविवारी उपासनेला गेलेच नाही, ओव्हन चालू होता. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये बसल्या बसल्या मला डुलकी लागली. नणंद म्हणाली, हे स्वयंपाकात गुंतलेल्या मार्थेचं काम, प्रभूच्या पायाशी बसून ऐकणाऱ्या मरीयेचं नाही. आणि आगमनकाळ उपासाचा असतो, तू लोणी-साखरेत हात घालून बसलीस. यंदा पुन्हा फळं भिजवून ठेवली आहेत आणि पोटात गोळा आला आहे. बेकिंगची प्रार्थना होते का? की मी देवाच्या नावावर माझा धंदा खपवून राहिली? — पीठ मळणारी. ता. क. माझ्या केकमधली फळं तळाशी बसतात. काहून?'

पीठ मळणारीला सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील. नाही, तू देवाच्या नावावर काही खपवून राहिली नाहीस. प्रेषित पौल करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्लेच्या घरी राहून तंबू करायचा, ते काही फुकट वाटत नसणार. किलोमागे जे घेतेस ते घे. उधारी ठेवू नकोस, मंडळीतल्या ओळखीच्यांना तर मुळीच नको. त्यांच्याकडून वसूल होईस्तोवर ईस्टर उजाडतो. धंद्याचा विषय इथे संपला.

मला टोचलं ते दुसरंच वाक्य, आणि ते तू अगदी जाता जाता लिहिलं आहेस. 'वेगळी प्रार्थना करायला वेळ नाहीच, तर हीच प्रार्थना समजू.' बाई गं, तिथेच पाय घसरला. साठ किलो केक म्हणजे साठ किलो केक. अडीचशेच्या घरात अंडी, मनगटाला कळ, आणि रोज रात्री तुपकट भांड्यांचा ढीग. समोर मेणबत्ती लावली म्हणून तो ढीग लहान होत नाही. उलट तू स्वतःवर एक जास्तीचं काम घेतलंस: केकही फुगला पाहिजे आणि मनही शांत झालं पाहिजे, आणि दोन्हीची डिलिव्हरी एकाच तारखेला. पाचव्या दिवशी तू पोरीवर खेकसलीस याचं मला नवल वाटलं नाही. चार दिवस कशी टिकलीस याचं वाटलं.

मठांच्या गोष्टी निघाल्या की ब्रदर लॉरेन्सचं नाव हमखास येतं, तुझ्या मैत्रिणीनंही घेतलं असेल. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात तो स्वयंपाकी होता. तव्यावरचं ऑम्लेट उलथतो तेही देवाच्या प्रेमापोटी, असं म्हणायचा. हे सगळे सांगतात. त्याला स्वयंपाकघराचा मनापासून कंटाळा होता, हे फारसं कोणी सांगत नाही. तरुणपणी सैन्यात होता, पायानं अधू झालेला, आणि पंधराएक वर्षं त्यानं हे नावडतं काम केलं. शिवाय मठाच्या ठरल्या वेळच्या प्रार्थना त्याला होत्याच, त्या काही ऑम्लेटच्या हिशेबात वळत्या झाल्या नव्हत्या. आणि सुरुवातीची दहा वर्षं आपल्याला फार जड गेली, हे त्यानंच एका पत्रात कळवलं आहे. दहा वर्षं! तू चार दिवसांत निकाल मागितलास.

आता तुझा खरा प्रश्न. बेकिंगची प्रार्थना होते का? होते, माझी झाली आहे. पण तू ती फेटण्यात, मळण्यात, ओतण्यात शोधलीस, म्हणजे हात चालू असताना. मला ती दर वेळी हात बाजूला घेतल्यावर सापडली.

माझी आजी काटोलकडची. शेतावर रोडगे व्हायचे. कणकेचे ते जाडजूड, आत पदर असलेले गोळे तू खाल्ले असशीलच. आधी गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा जाळ बसून नुसते निखारे उरले की त्यात रोडगे ठेवायचे आणि वरून गरम राख ओढून घ्यायची. मग काहीच दिसत नाही. राखेचा एक ढिगारा, त्यातून कुठे कुठे धुराची रेघ. आम्ही पोरं काड्या घेऊन टोचायला टपलेली, आणि आजी हातात काठी घेऊन शेजारी उकिडवी बसलेली. 'पोट्टेहो, हात नका लावू. आतून शिजून राहिलं ते.' वांग्याची भाजी झालेली, वरण झालेलं, तिच्या हाताला काही काम उरलेलं नाही. ती फक्त राखेकडे पाहत बसायची. मधेच वास ओढून घ्यायची आणि 'अजून नाही' म्हणायची. घड्याळ कुठे होतं? मग एक रोडगा बाहेर काढून फडक्यानं राख झटकायची, दोन्ही हातांनी फोडायची, वाफ तोंडावर आली की मान हलवायची. तिला ध्यान हा शब्द कोणी शिकवला नव्हता. बेकिंग हा तर नाहीच.

पुढे आम्ही नागपुरात सदरला राहायला आलो आणि डिसेंबरची भट्टी आयुष्यात आली. तुझ्या वयाच्या मुलींनी ती पाहिली असेल-नसेल. तेव्हा घरोघरी ओव्हन नव्हते. फार तर कुकरची रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला वाळू घालायची आणि त्यात केकचा डबा ठेवायचा. नानकटाईला मात्र भट्टीच. बाबा इतवारीतून मैदा, रवा, साखर, डालडा आणायचे. आई परातीत डालडा आणि साखर तळहातानं इतकी फेसायची की साखरेची करकर थांबायची. मग सगळा जामानिमा सायकलच्या कॅरिअरला बांधून भट्टीवर. तिथे काळे पत्रे मिळायचे. जमिनीवर मांडी घालून आम्ही गोळे करायचो, प्रत्येकावर एक चारोळी दाबायचो, आणि पिठानं चिकटवलेली नावाची चिठ्ठी पत्र्याच्या कडेला. एवढं झालं की संपलं. आधी पावाचा घाणा निघणार, मग आच उतरणार, मग नानकटाईचा नंबर. रात्रीचे अकरा वाजायचे, बारा वाजायचे. ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू, सगळ्या घरच्या बाया शाली गुंडाळून त्याच ओट्यावर, पोरं त्यांच्या मांडीवर कलंडलेली.

एका वर्षी आमचा डबा बदलला. घरी येऊन उघडतो तर चारोळीच्या जागी पिस्ते. बाबा म्हणाले, 'प्रभूनं दिलं.' आई म्हणाली, 'प्रभूनं नाही, भट्टीवाल्यानं,' आणि सकाळी डबा परत करायला पाठवला. तोवर बाबांनी चार संपवल्या होत्या.

आगमनकाळ म्हटलं की मला वेदीवरचं जांभळं कापड नंतर आठवतं, आधी तो ओटा आठवतो. त्या रांगेत कोणी प्रार्थना म्हणत नव्हतं, उखाळ्यापाखाळ्याच जास्त चालायच्या. पण आपलं काम करून झालेलं, आच दुसऱ्याच्या हातात, आणि नंबर लागेल तेव्हा लागेल. याहून नेमका आगमनकाळ मला अजून कोणत्याही प्रवचनात सापडलेला नाही, आणि मी प्रवचनं पुष्कळ ऐकली आहेत.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायात खमिराचा दाखला आहे ना, तो एकदा फक्त बेकर म्हणून वाच. एक बाई खमीर घेऊन तीन मापे पिठात लपवून ठेवते. तीन मापे म्हणजे ३५-४० लिटर पीठ. अख्ख्या आळीला पुरेल एवढं. तुझ्या साठ किलोंची थट्टा करू नये म्हणून सांगते, बायबलातल्या बाईचीही ऑर्डर मोठीच होती. पण शब्द बघ: लपवून ठेवलं. तिनं किती मळलं, मळताना काय गुणगुणली, याचा पत्ता नाही. लपवलं आणि नंतर सगळं पीठ फुगलं. मधला सगळा वेळ प्रभूनं त्या बाईला गोष्टीतून बाहेर ठेवलं आहे. ती बहुतेक कपडे धूत असेल.

आपल्या गावाला तर हे नवं नसावं. उत्तर भारतातल्या सहा ख्रिस्ती मंडळ्या एक करायची बोलणी १९२९ साली सुरू झाली, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आली ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी, इथे सदरलाच, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. एक्केचाळीस वर्षं, म्हणजे तुझ्या वयाइतकी, ते पीठ झाकून ठेवलेलं होतं. मधे किती जणांनी झाकण उघडून नाक खुपसलं असेल ते जाऊ दे.

तर आता कामाचं बोलू.

साठ किलोंचा हिशेब मी मांडून पाहिला. घरच्या ओटीजी ओव्हनमध्ये एका वेळी दोन किलो बसतात असं धरू. दीडशे अंशांवर फळांच्या केकला दीड-दोन तास. म्हणजे साठ तास नुसता ओव्हन. तू हे दहा दिवसांत कोंबत असशील तर रोज सहा तास, आणि त्यात फेटणं, घासणं, पॅकिंग धरलंच नाही. यंदा ऑर्डरी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बंद कर. गिऱ्हाइकाला सांग, हा केक ताजा खायचा नसतो, मुरू द्यायचा असतो. ते खरंच आहे. रमचे केक आधी घाल, ते बटर पेपर आणि फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात महिनाभर सहज राहतात, उलट चव चढते. आपल्या मंडळीत बरेच जण संत्र्याच्या रसातलाच मागतात. तो फार टिकत नाही, म्हणून तो तिसऱ्या आठवड्यात, आणि देताना फ्रीजमध्ये ठेवायला बजाव. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये गुलाबी मेणबत्ती लागते, त्या संध्याकाळी तुझा शेवटचा घाणा निघालेला असावा. चाळीस किलोंवर थांबता आलं तर बघ. शिकवणीचं गणित तुझं तुलाच माहीत. लांब बसून 'वीस किलो कमी कर' म्हणायला माझं काय जातं!

आणि ऑर्डरीचे केक करताना प्रार्थना करू नकोस. दचकू नकोस, खरंच सांगते आहे. गीतं बंद, मेणबत्ती बंद. वजन नीट कर, काजू सांगितले तेवढे घाल, भांडी स्वच्छ घास. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठाच्या कोठारप्रमुखासाठी नियम घातला, की मठाची सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पात्रांसारखी मानावीत. भांड्यांकडे बघून डोळे मीट असं त्यात नाही. तुझ्या केकच्या टिनाला सगळीकडे नीट तूप लागलं की नाही ते बघ, त्या कामापुरतं तेवढं भरपूर आहे. मधेच कोणाचं नाव ओठांवर आलं तर येऊ दे. बोलावून आणू नकोस.

प्रार्थनेचं बेकिंग वेगळं. चार शनिवारी, चार भाकरी. भाकर म्हणते आहे, कारण आपल्या बायबलात पाव नाही, भाकरच आहे. बेथलेहेम या नावाचा हिब्रूतला अर्थही भाकरीचं घर असाच आहे. ही विकायची नाही, हिचा फोटो काढायचा नाही, स्टेटसला तर अजिबात नाही.

शनिवारी रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की मोठ्या पातेल्यात २५० ग्रॅम मैदा आणि २५० ग्रॅम घरची कणीक घे, लोकवनची असली तर उत्तम. दीड चमचा मीठ. इन्स्टंट यीस्ट फक्त पाव चमचा, जास्त नको. साडेतीनशे मिली साधं पाणी. चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, तेव्हा कोरडं वाटलं तर दोन-तीन चमचे वर. हातानं कालव, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांब. मळायचंही नाही. दहा मिनिटांत होतं. गोळा ओबडधोबड दिसेल, चिकट असेल, तुझ्यातली धंदेवाली बाई 'हे काही खरं नाही' म्हणेल. तिला म्हणू दे. वर ताटली झाक, दोन्ही तळहात ताटलीवर ठेव आणि एकदाच म्हण: ये, प्रभू येशू. आपल्या बायबलातली जवळजवळ शेवटची प्रार्थना आहे ती, तीनच शब्दांची. मग दिवा घालव आणि झोप.

यीस्ट एवढं कमी का, तर नागपूरची डिसेंबरची रात्र त्याच्या मदतीला आहे. बाहेर पारा १०-१२ वर उतरतो, बंद स्वयंपाकघरात जरा ऊब असते, त्या थंडाव्यात पीठ दहा-बारा तास घेतं आणि या संथपणातूनच त्याला चव येते. मे महिन्यात हाच गोळा काही तासांतच पातेल्याबाहेर येईल आणि चव कागदासारखी लागेल. सकाळी उठून ताटली काढशील तेव्हा जाळी पडलेला, डुलणारा, जरासा आंबूस वासाचा गोळा दिसेल. तू झोपली होतीस. त्या क्षणी काय वाटतं ते मी सांगत नाही, तुझं तू बघ. काहीच वाटलं नाही तरी चालेल, भाकर त्यानं बिघडत नाही.

सकाळचं काम मुलीला दे. घोळात बोट बुडवू नये हे तुझं म्हणणं बरोबरच होतं, त्यात कच्ची अंडी असतात. पण ते तू ज्या आवाजात सांगितलंस त्याबद्दल वर्ष उलटलं तरी तिची माफी माग, आणि माफी मागताना अंड्यांचा विषय काढू नकोस. या पिठात अंडं नाही, तेव्हा कोपरापर्यंत हात घालू दे. पीठ भुरभुरून गोळा करायचा, तूप लावलेल्या टिनात ठेवायचा, नवीन ब्लेडनं वरून क्रूसासारखी चीर पाडायची. मग ओलं फडकं झाकून तुम्ही दोघी उपासनेला जा.

इथे मला जरा हसू येतं आहे. मागच्या वर्षी ओव्हन चालू होता म्हणून चौथा रविवार बुडाला. यंदा ओव्हन बंदच आहे. तुम्ही गीत म्हणत असाल तेव्हा घरी फडक्याखाली भाकर तिची तिची वर येत असेल, तुझ्यावाचून. चर्चमध्ये मन भटकून तिच्याकडे गेलं तर ओढून आणू नकोस, त्या दिवशी ते भटकणं नव्हे.

घरी आल्यावर ओव्हन २२० अंशांवर चांगला तापू दे, पस्तीस-चाळीस मिनिटं भाज. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही. तू उघडतेस, मला पत्रावरूनच कळलं; पोटात गोळा येणारी माणसं सगळी उघडतात. काच आहे, काचेतून बघ. झाली की टिनातून काढून बुडाला टिचकी मार, पोकळ वाजली पाहिजे. आणि मग सगळ्यात अवघड अर्धा तास: गरम कापायची नाही. वाफ आत जिरायची असते, आधी कापलीस तर आतून चिकट राहते. त्या अर्ध्या तासात दोघी ओट्याशी बसा. बोलायचं असेल तर बोला. माझ्या आजीला वास येत होता तसा तुम्हालाही येईल.

राहिली नणंद. तिचं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मान्य करून टाक, घरात शांतता राहील. आगमनकाळ खरोखरच उपासाचा होता. जर्मनीत ड्रेस्डेनचा श्टोलेन नावाचा नाताळचा केक-पाव प्रसिद्ध आहे, तो या उपासामुळे कितीतरी काळ लोण्याशिवाय, तेलात करावा लागे. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमला विनंत्या केल्या, तेव्हा १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरायची परवानगी देणारं पत्र धाडलं. लोण्यासाठी पोपपर्यंत जावं लागलं, म्हणजे उपास किती कडक पाळत असतील बघ. आणि लांब कशाला, आपल्याच शहरातल्या मल्याळी सिरियन ख्रिस्ती कुटुंबांत १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांस-मासे-अंडी वर्ज्य करणारे आजही आहेत. केक ते नाताळलाच कापतात. तेव्हा आगमनकाळात केक करायला कोणाची हरकत नाही. कापून खायची घाई मात्र आपण सगळ्यांनीच केली आहे; डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून कार्यक्रमागणिक प्लम केक, आणि पंचविसाव्या तारखेला तो कोणाला नकोसा.

मार्थेबद्दल मात्र मी तुझ्या बाजूची. लूकचा दहावा अध्याय काढून नणंदेसमोर ठेव. प्रभूनं स्वयंपाकाला नाव ठेवलेलं नाही, काळजी आणि दगदग म्हटलं आहे. तो जेवायलाच आला होता, आणि तिनं चूल पेटवली नसती तर मरीयेसकट सगळे उपाशी उठले असते. दगदगीचं काय करायचं ते वर सांगितलं. आणि पहिल्या रविवारची अर्धी भाकर नणंदेच्या घरी पाठव. लोणी नाही, अंडं नाही, साखर नाही. तिच्या तोंडून काय निघतं ते मला जरूर कळव. ती सावजी रश्श्यात बुडवून खाते की वरणात, हे तिचं ती आणि तिचा उपास बघेल.

आता तुझा ताजा कलम. फळं तळाशी बसतात, कारण एक तर घोळ सैल होतो किंवा फळं ओली जातात. तुझ्या बाबतीत दोन्ही असावं. भिजवलेली फळं आदल्या रात्री चाळणीवर निथळत ठेव. निथळलेला रस टाकू नकोस, साखर जाळून जो काळपट पाक करतेस त्यात पाण्याऐवजी तोच घाल. पाक जळत असताना गार रस ओतलास तर अंगावर उडेल, म्हणून तो गरम करून, गॅस बंद करून, हात लांब ठेवून. मोजलेल्या मैद्यातलाच एक मोठा चमचा बाजूला काढून त्यात फळं घोळव, मग घोळात टाक. बेदाण्यापेक्षा मोठा एकही तुकडा नको. आणि सध्या अंबिया बहाराची संत्री आली आहेत, त्यांची सालं फेकत असशील तर आजपासून बंद कर. दोनदा उकळून पाणी टाकायचं, कडूपणा जातो, मग साखरेच्या पाकात काचेसारखी दिसू लागेपर्यंत मंद आचेवर. बाजारच्या टूटीफ्रूटीत शेवटी पपईच असते.

टोपणनावानं लिहिलंस, नाहीतर एक किलो संत्र्याच्या रसातला माझ्या नावावर टाकला असता. पहिल्या रविवारच्या आत पत्ता कळव. पैसे रोख देईन.